घरच्या वर्कशॉपमध्ये एअर कॉम्प्रेसर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं वर्कशॉप कोकणात, घराच्या मागच्या पडवीत आहे. जुनी सागवानी आणि फणसाची दारं, कपाटं, देव्हारे दुरुस्त करून पॉलिश करायचं काम चालतं, त्यासाठी २ एचपीचा बेल्टवाला कॉम्प्रेसर (हवा दाबून टाकीत भरणारं मशीन) आणि १०० लिटरची टाकी वापरतो. ओळखीतले बरेच जण आता घरी कॉम्प्रेसर घेतायत आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. आधीच एक सांगतो, मशीन विकत घेणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं: वायर, पाइप आणि पाणी. त्यातही पाणीच जास्त.

किती एचपीचा घेऊ?

एचपी विचारूच नका, सीएफएम विचारा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा देतो ते. १ सीएफएम म्हणजे साधारण २८ लिटर हवा मिनिटाला. दुकानात गेलं की एचपी आणि लिटर एवढंच सांगतात आणि प्लेटवर जो सीएफएम छापलेला असतो तो बहुतेक वेळा पिस्टन किती हवा हलवतो त्याचा असतो, प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा त्याहून बरीच कमी, ढोबळ धरा ६५-७५ टक्के. म्हणजे २ एचपीच्या मशीनवर ७-८ लिहिलं असेल तर हातात ५ च्या आसपास येते.

आधी आपलं टूल किती हवा खातं ते बघा. एअरब्रशला अर्धा-एक सीएफएम पुष्कळ झाला. ब्रॅड नेलर (लहान खिळे मारायची गन) एका खिळ्याला इतकी थोडी हवा घेते की लहानातला लहान कॉम्प्रेसर पुरतो. गाडीच्या टायरला काहीच नाही. स्प्रे गनपासून खरा खर्च सुरू होतो, एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन ८ ते १४ सीएफएम मागते, एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) ३ ते ५ मध्ये भागवते, त्यामुळे घरी २ एचपी असेल तर माझ्या मते एलव्हीएलपीच घ्यावी. एअर सँडर १० ते १५ सीएफएम खातो, तो घरच्या मशीनवर चालवायचा विचारच सोडून द्या, सँडर इलेक्ट्रिक घ्या, स्वस्तातही पडेल.

मग टाकी मोठी घेतली की भागेल ना?

नाही भागत. टाकी हवा तयार करत नाही, फक्त साठवते. समजा प्रेशर स्विच (दाब बघून मोटर चालू-बंद करणारा) ६ बारला चालू आणि ८ बारला बंद होतोय (बार हे दाबाचं माप, १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय). १०० लिटरच्या टाकीत या २ बारच्या फरकात मोकळी (म्हणजे न दाबलेली, बाहेरच्यासारखी) हवा किती बसली, तर फक्त २०० लिटर. आता १२ सीएफएमचा सँडर लावला, तो मिनिटाला ३४० लिटर ओढतो, मशीन १४० लिटर देतं, म्हणजे साठा जेमतेम मिनिटभर टिकतो आणि मग प्रेशर पडतच जातं, मशीन थांबायचं नाव घेत नाही, हेड (पिस्टनच्या वरचा भाग) तापून लाल व्हायची वेळ येते. घरगुती पिस्टन कॉम्प्रेसर अखंड चालायला बनवलेला नसतो, दहा मिनिटांत पाच-सहा मिनिटं चालून बाकी वेळ थंड व्हायला मिळाला पाहिजे.

मशीन खरंच किती हवा देतं ते घरी मोजता येतं. आउटलेट बंद करा, मोबाइलवर टायमर लावा, काटा ४ बारवरून ६ बारवर जायला किती वेळ लागतो ते बघा. टाकीचे लिटर गुणिले २, भागिले लागलेली मिनिटं, म्हणजे मिनिटाला किती लिटर ते आलं. १०० लिटरला दीड मिनिट लागलं तर १३३ लिटर, म्हणजे पावणेपाच सीएफएम. सेकंड हँड घेताना हे दुकानातच करून बघा, पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतील तर लगेच कळतं.

ऑइल-फ्री घेऊ की तेलवाला?

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि एअरब्रश, नेलर, धूळ उडवणं एवढंच असेल तर ऑइल-फ्री सायलेंट. आवाज ६०-६५ डेसिबल, तेलाची कटकट नाही. रोजचं काम असेल, स्प्रे असेल आणि जागा असेल तर तेलवाला बेल्ट ड्राइव्ह. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये पिस्टन मोटरच्याच वेगाने, म्हणजे २८०० च्या आसपास आरपीएमने पळतो, बेल्टवाल्यात त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याने, म्हणून तो आवाजही कमी करतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

घरच्या लाइटवर चालेल का? एक्स्टेन्शन लावलं तर?

२ एचपीपर्यंत सिंगल फेज २३० व्होल्टवर आरामात चालतो, पण सोय नीट करा. चालताना ९ ते ११ अँपिअर घेतो पण चालू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट, म्हणून साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावायचा नाही. वेगळी लाइन ओढा, कमीत कमी २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची, लांब अंतर असेल तर ४ ची, १६ अँपिअरचं सॉकेट, सी कर्व्हची एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच (बी कर्व्हची असेल तर मोटर उठताना उगाच ट्रिप होते), अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारा स्विच). पावसात पडवीची जमीन कायम ओलसर असते, तिथे आरसीसीबी नसेल तर मशीनला हात लावू नका असंच मी सांगेन. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तोही एकदा बघा.

एक्स्टेन्शनचं म्हणाल तर हिशोबच बघा, १ स्क्वेअर एमएमची १५ मीटर वायर, जाऊन-येऊन ३० मीटर, तिचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या थोडा वर. चालू होताना ५० अँपिअर गेले की २७ व्होल्ट वायरमध्येच गेले. आमच्याकडे संध्याकाळी आधीच व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं, त्यातून हे गेल्यावर मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही, आणि कपॅसिटर नाहीतर वाइंडिंग जळतं. वायर लांबवण्यापेक्षा हवेचा होज लांबवा, दहा-पंधरा मीटरला काहीही बिघडत नाही.

ठेवायचा कुठे? शेजारी आवाजाची तक्रार करतात.

कोरड्या, सावलीच्या, वारा खेळत्या जागी, भिंतीपासून फूटभर लांब, बेल्टच्या पंख्याची बाजू मोकळी सोडून. जिथे लाकूड घासता किंवा रंग मारता तिथेच ठेवला तर तीच धूळ आणि थिनरची वाफ इनटेक फिल्टरमधून आत जाते, आणि मोटर-स्विचच्या ठिणगीजवळ थिनरची वाफ हा सरळसरळ आगीचा धोका आहे, त्यामुळे भिंतीपलीकडे ठेवा. खाली जाड रबरी पॅड घाला, जमिनीतून जाणारा थरथराट निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो. पूर्ण बंद खोक्यात मात्र कोंडू नका, तापून मरेल. रहिवासी भागात नियमाप्रमाणे दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तेव्हा रात्री टाकी भरत बसायचं नाही, आणि दुपारी शेजारी आजी झोपल्या असतील तर नियम काहीही असो, तासभर थांबायचं.

भिंतीवरून पाइपलाइन करायचीय. पीव्हीसी चालतो ना? पाण्याला १० बार चालतो की.

नाही. कृपा करून नाही. हा एकच प्रश्न असा आहे की त्यावर मी वाद घालतो.

पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाण्याचा पाइप फुटला तर चीर पडते, पाणी उडतं, संपलं. हवा दाबलेली असते, तिच्यात स्प्रिंगसारखी ताकद साठलेली असते, पाइप फुटला की ती सगळी एका क्षणात सुटते आणि पीव्हीसी काचेसारखा तडकून त्याचे धारदार तुकडे उडतात. पाइपवर छापलेला १० किलोचा (म्हणजे साधारण १० बारचा) आकडा हा थंड पाण्यासाठी आहे, हवेसाठी नाही. शिवाय कॉम्प्रेसरमधून गरम हवा येते, तेलाचा अंश असतो, उन्हाने पाइप ठिसूळ होतो, त्यामुळे दोन वर्षं चालला म्हणजे तिसऱ्या वर्षी चालेल असं अजिबात नाही. एका गॅरेजमध्ये मी स्वतः बघितलंय, भिंतीवरचा पांढरा पाइप कोणाचाही हात न लागता फुटला आणि समोरच्या पत्र्यात तुकडा रुतला. दुपारची जेवायची वेळ होती म्हणून तिथे कोणी उभं नव्हतं. सीपीव्हीसीलाही हेच लागू.

मग काय वापरायचं, तर अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, कुठलाही प्लंबर करून देतो, सुतळी-सफेदा लावून जॉइंट घट्ट बसतात, आतून कालांतराने गंज सुटतो पण शेवटी फिल्टर असतोच. तांब्याचा पाइप उत्तम पण महाग. हवेसाठीच बनवलेले अॅल्युमिनियमचे पाइपही मिळतात, जोडायला सोपे, गंजत नाहीत, पैसे असतील तर तेच घ्या. आणि एकच खोली असेल तर पाइपलाइनच्या भानगडीत न पडता चांगला रबरी होज किंवा ८ बाय १२ मिलिमीटरची (आतून ८, बाहेरून १२) पीयू म्हणजे पॉलियुरेथेनची नळी पुरते, मी पहिली दोन वर्षं तशीच काढली.

लाइन करताना तीन गोष्टी. कॉम्प्रेसर आणि पाइप यांच्यात फूट-दोन फूट लवचिक होज हवाच, नाहीतर थरथराटाने जॉइंट सुटतात. पाइपला मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार द्यायचा आणि उताराच्या शेवटी खाली तोंड करून बॉल व्हॉल्व्ह, तिथे पाणी जमतं आणि सोडता येतं. आणि टूलसाठीची फांदी मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढून, वळवून खाली आणायची, खालच्या अंगाने काढली की पाइपमधलं सगळं पाणी थेट गनमध्ये.

पण एवढं पाणी येतं कुठून? आम्ही तर पाणी घालत नाही.

हवेतूनच येतं. जुलैमधली आमच्याकडची हवा घ्या, ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के, एका घनमीटर हवेत २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ५ सीएफएमचं मशीन सलग तासभर चाललं तर साडेआठ घनमीटर हवा ओढतं, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम पाणी आत आलं. ही हवा ८ बारला दाबून परत गार झाली की तिची जागा नवव्या हिश्श्याइतकी उरते आणि तेवढ्या जागेत ३० ग्रॅमपेक्षा जास्त वाफ मावतच नाही. उरलेलं सगळं पाणी होऊन पडतं. तासाला फुलपात्रभर पाणी! मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत याचं काहीच वाटणार नाही, पण चिपळूण, पणजी, मुंबई इथे जून ते सप्टेंबर हाच मुख्य प्रश्न आहे.

हे मला कळेपर्यंत एक दार वाया गेलं होतं. एका ओळखीच्या घरातलं शंभर वर्षांचं सागवानी दार, आठवडाभर घासून तयार केलेलं, शेवटचा हात मारताना गनने मध्येच पाण्याचे थेंब थुंकले. परत सगळं उतरवून पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून हे करतो:

काम संपलं की रोज टाकीखालचा ड्रेन उघडतो, पावसात मध्ये एकदा जेवायच्या सुट्टीतही. ड्रेनची चावी टाकीच्या पोटाखाली वाकून फिरवावी लागते म्हणून लोक टाळतात, तिथे एल्बो आणि छोटी नळी लावून बॉल व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला आणा, मग टाळाटाळ होत नाही. दुसरं, हवा गार होऊ द्या. गरम हवेत पाणी वाफ म्हणूनच राहतं आणि फिल्टर वाफ अडवत नाही, फक्त थेंब अडवतो. म्हणून सात-आठ मीटर धातूचा पाइप मध्ये हवा, भिंतीवर वर-खाली वळणं देत नेला तरी चालेल, किंवा तांब्याच्या पाइपची वेटोळी पाण्याच्या बादलीत बुडवून पुढे लगेच ड्रेन. तिसरं, स्प्रेसाठी शेवटी सिलिका जेलचा ड्रायर. निळे दाणे गुलाबी झाले की भरले असं समजायचं, १२० अंशाच्या आसपास तापवून परत वापरता येतात, पण निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या कढईत किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. नारिंगीवरून हिरवे होणारे मिळाले तर ते घ्या.

फिल्टर-रेग्युलेटर मशीनलाच लावून दिलाय, तो चालेल?

रेग्युलेटर म्हणून चालेल, फिल्टर म्हणून तिथे त्याचा उपयोग थोडाच, कारण वर सांगितलं तेच, हवा तिथे गरम असते. दुसरा एक लाइनच्या शेवटी, टूलजवळ लावा. सोबत तेलाची वाटी असलेला सेट मिळतो, ते तेल इम्पॅक्ट रेंचसारख्या टूलला लागतं, स्प्रेच्या लाइनवर ती वाटी कधीच नको. आणि फिल्टरची पारदर्शक वाटी थिनरने धुवू नका, ती पॉलिकार्बोनेटची असते, थिनरने बारीक तडे जातात आणि मग प्रेशरखाली फुटते. साबणाचं पाणी बास.

ऑनलाइन मागवलेल्या टूलला आपली निपल बसते पण हवा गळते?

आपल्याकडे फिटिंगला बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात, अमेरिकन टूलला एनपीटी (अमेरिकन मापाचे). पाव इंचात बीएसपीला इंचात १९ आटे आणि एनपीटीला १८, त्यामुळे दोन-तीन फेरे छान बसतात, मग अडकतं, जोर लावला की आटे खराब. टेफलॉन टेप कितीही गुंडाळा, गळणारच. एनपीटी ते बीएसपी अडॅप्टर मागा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात भोसरीकडे, कोल्हापुरात उद्यमनगरला फिटिंगच्या दुकानात टूलच घेऊन जा, बसवून बघूनच आणा.

मशीन न वापरताही सारखं चालू होतं.

लीक. रात्री टाकी भरून लाइटचा मेन स्विच बंद करा, सकाळी काटा बघा. साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक जॉइंटला लावा, क्विक कपलर आणि होजच्या क्लिपपासून सुरुवात करा, बहुतेक वेळा तिथेच असतो. ७ बारला १ मिलिमीटरच्या भोकातून २ ते अडीच सीएफएम हवा जाते, म्हणजे तुमच्या मशीनची जवळजवळ निम्मी कमाई, आणि बिल वेगळं.

तेल कुठलं? गाडीचं २०डब्ल्यू४० पडलंय घरात.

ते राहू द्या. इंजिन ऑइलमध्ये काजळी-मळ धरून ठेवणारी डिटर्जंट असतात, ती पाण्याशी मिसळून फेस करतात आणि व्हॉल्व्ह प्लेटवर कार्बन साचतो. कॉम्प्रेसर ऑइल, ६८ किंवा १०० ग्रेडचं, मशीनच्या पुस्तकात असेल ते. काचेतल्या लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंतच, वर नाही. नव्या मशीनचं पहिलं तेल ५० तासांच्या आत बदला, त्यात रिंगा घासल्याची धातूची पूड असते. तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, लगेच बदला.

स्प्रेवर कधी मासोळीच्या डोळ्यासारखे खड्डे, कधी पांढरी झाक. दोन्ही पाण्यानेच का?

दोन वेगळे रोग आहेत. गोल खड्डे पडतात ते तेलाने किंवा सिलिकॉनने, म्हणजे लाइनमधलं तेल किंवा आधीच्या पॉलिशचा अंश. पांढरी झाक येते ती बाहेरच्या दमट हवेने, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा थिनर झटकन उडाला की पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर हवेतलं पाणी धरतं. त्याला कितीही फिल्टर लावा, जाणार नाही, रिटार्डर (हळू उडणारा) थिनर घाला किंवा उघडीप मिळेपर्यंत थांबा. मी जुलैमध्ये लॅकर मारतच नाही, सुतारकाम आणि घासणी तेव्हा उरकून घेतो.

जुनी टाकी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

टाकी आतून, खालच्या बाजूने गंजते, जिथे पाणी साचतं. बाहेरून नवा रंग मारलेला असेल तर मला जास्त शंका येते. ड्रेन उघडून काय येतं बघा, लाल-तपकिरी चिखल आला तर तिथूनच परत फिरा. घ्यायचीच असेल तर पूर्ण पाणी भरून कामाच्या प्रेशरच्या दीडपट हायड्रो टेस्ट करून घ्या, हवेने टेस्ट कधीच नाही. आणि भोक पडलेल्या टाकीवर वेल्डिंगचं ठिगळ लावून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, एका जागी पत्रा खाल्ला गेलाय म्हणजे शेजारचाही पातळ झालेलाच असतो. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून बघायची, अडकलेला असेल तर त्याच दिवशी बदलायचा, आणि तो गळतो म्हणून तिथे प्लग मारायचा नाही.

काम झाल्यावर ब्लो गनने कपडे झटकले तर?

नको. कातडीवर अगदी जवळून धरलेली हवा जखमेतून आत शिरू शकते, डोळ्यात भुसा जातो, कानाचा पडदा जातो. पोरं गंमत म्हणून एकमेकांवर हवा मारतात, त्यातून जीव गेलेत, त्यामुळे वर्कशॉपमध्ये लहान मुलं असली की मी टाकी रिकामी करून ठेवतो. धूळ झटकायला ब्रश घ्या.

बंद होताना फुस्स आवाज येतो, बिघाड आहे का?

एकदाच, सेकंद-दोन सेकंद येत असेल तर बरोबर आहे. अनलोडर व्हॉल्व्ह हेड आणि टाकी यांच्यातल्या नळीतली हवा सोडून देतो म्हणजे पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध उठावं लागत नाही. तो आवाज येतच नसेल आणि मोटर परत चालू होताना हुंकारत असेल तर अनलोडर चोंदलाय. आणि मशीन थांबल्यावर फुसफुस चालूच राहिली तर टाकीच्या तोंडाशी असलेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (हवा उलटी येऊ न देणाऱ्या) कचरा अडकलाय, टाकी पूर्ण रिकामी करून, लाइटचा प्लग काढून, तो व्हॉल्व्ह खोला, आतली रबराची चकती पुसून परत बसवा. पंधरा मिनिटांचं काम आहे, मेकॅनिक लागत नाही.